लाईन आर्टमध्ये रंग भरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावात माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुलं एलिमेंटरी-इंटरमिजिएट देऊन आलेली असतात. पोस्टर कलरचा हात बसलेला असतो, पण तोच बैल स्क्रीनवर रंगवायला घेतला की पहिल्याच तासात अडतात. भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, शहादा इथूनही मेसेज येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच चित्र धरलं आहे: पोळ्याला सजवलेला बैल, अंगावर झूल, रंगवलेली शिंगं, गोंडे आणि मागे केळीचा मळा. रंगवण्यातल्या जवळजवळ सगळ्या अडचणी या एका चित्रात भेटतात.

१. लाईन आर्ट रंगवणं आणि कागदावर रंग भरणं यात फरक काय?

लाईन आर्ट म्हणजे नुसत्या रेघांचं, रंग न भरलेलं चित्र. कागदावर रेघ आणि रंग एकाच जागी असतात. रंग रेघेवर गेला की रेघ मळते, म्हणून आपण कडेकडेने जपून जातो. सॉफ्टवेअरमध्ये चित्र एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांत, म्हणजे लेअरमध्ये असतं: रेघ वरच्या लेअरवर आणि रंग खालच्या लेअरवर. रंग रेघेखाली सरकला तर काही बिघडत नाही, उलट सरकायलाच हवा. जपायचं ते दुसरंच: रेघ, मूळ रंग आणि सावली या तीन गोष्टी शेवटपर्यंत एकमेकींत मिसळू द्यायच्या नाहीत. खालची निम्मी उत्तरं फिरून याच गोष्टीवर येतात.

२. कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? आणि मोबाईलवर जमेल का?

लॅपटॉप असेल तर क्रिटा घ्या. फुकट आहे, पूर्ण आहे, आणि रंगवण्यासाठीच बनवलेलं आहे. गिंपही फुकट आहे. ते मुळात फोटोसाठी असलं तरी २०१९ च्या २.१०.१० आवृत्तीपासून त्याच्या बकेटमध्ये (बंद भागात एका टिचकीत रंग ओतणारं साधन) लाईन आर्ट ओळखून रंग भरायची सोय आली आहे. कॉमिक्सचं काम रोज करायचं असेल तर क्लिप स्टुडिओ पेंटला पैसे मोजणं परवडतं. प्रोक्रिएट छान आहे, पण ते फक्त आयपॅडवर चालतं.

मोबाईलवर इबिस पेंट पुरेसं आहे. माझ्याकडच्या कितीतरी मुलांनी शेतात, बसमध्ये, सुट्टीत मोबाईलवरच शिकून घेतलं. फक्त मोठ्या कॅनव्हासवर किती लेअर मिळतील ते फोनच्या मेमरीवर ठरतं, म्हणून लेअर जपून वापरा (प्रश्न ५).

३. पेन टॅब्लेट लागतोच का?

रेघ काढायला लागतो. रंग भरायला नाही. बकेट आणि लॅसोचं (भागाभोवती फेरी मारून तो निवडायचं साधन) काम माऊसने व्यवस्थित होतं.

४. वहीत काढलेलं चित्र आहे. फोटो काढून रंगवायला घेतलं तर कागद पिवळा, करडा दिसतो आणि रंग नीट बसत नाही. काय करू?

आधी फोटोच नीट काढा. घरातल्या ट्यूबखाली कागदावर तुमच्याच हाताची सावली पडते. सकाळी ओट्यावर, ऊन थेट लागणार नाही अशा जागी कागद ठेवा आणि फोन कागदाला समांतर धरा. स्कॅनर मिळाला तर ३०० डीपीआयला स्कॅन करा. ए४ कागदाचं ते २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल होतं आणि छपाईलाही तेवढं पुरतं.

मग लेव्हल्स (चित्रातला उजळ-गडदपणा बदलायची सोय) उघडा. पांढऱ्या टोकाचा बाण आत सरकवत न्या, कागद स्वच्छ पांढरा होईपर्यंत. काळ्या टोकाचा बाण थोडासाच सरकवा. तिथे हावरटपणा केला की बारीक रेघा जाड आणि खरबरीत होतात. त्यानंतर पांढरा भाग काढून फक्त रेघ ठेवायची. क्रिटा आणि गिंप दोन्हींत 'कलर टू अल्फा' आहे. रंग पांढरा निवडला की कागद निघून जातो आणि रेघ पारदर्शक लेअरवर राहते. इबिस पेंटमध्ये फोटो आत घेतानाच 'रेखाचित्र वेगळं काढू का' असं विचारलं जातं, तिथे हो म्हणा.

एक कळकळीची विनंती. चित्र कुणाकडून व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून मागवा. फोटो म्हणून आलेलं चित्र दाबून लहान केलेलं असतं. मोठं करून बघा, प्रत्येक काळ्या रेघेभोवती राखाडी ठिपक्यांचं धुकं दिसेल. बकेट त्या धुक्यात अडकते आणि प्रश्न ७ मधली पांढरी किनार दुप्पट होते.

५. लेअर कोणत्या क्रमाने लावायचे? आणि मल्टिप्लाय म्हणजे काय?

वरून खाली: रेघ, सावली, मूळ रंग, पार्श्वभूमी. सुरुवातीला एवढे चार पुरे.

मल्टिप्लाय म्हणजे वरच्या लेअरचा रंग खालच्याशी गुणला जातो. पांढऱ्याने गुणलं की खालचा रंग जसाच्या तसा राहतो, काळ्याने गुणलं की काळाच उरतो. म्हणून रेघेचा कागद काढला नसेल तरी तो लेअर मल्टिप्लायवर ठेवला की पांढरा भाग दिसेनासा होतो आणि रेघ उरते. सावलीचा लेअरही मल्टिप्लायवरच ठेवा. मल्टिप्लायने रंग गडद होतो किंवा आहे तसा राहतो, उजळ कधीच होत नाही. ही गोष्ट प्रश्न १३ मध्ये लागेल.

६. बकेट मारली की सगळं पान रंगतं. मना रंग बाहेर काबर जास?

'माझा रंग बाहेर का जातो' हे धुळ्याच्या एका मुलाने असंच अहिराणीत विचारलं होतं, म्हणून तसंच ठेवलं. कारण एकच: रेघेत कुठेतरी फट आहे. पाटाच्या बांधाला बोटाएवढं भोक असलं तरी पाणी शेजारच्या वाफ्यात जातंच. बैलाच्या चित्रात ही फट हमखास तीन जागी असते: कान डोक्याला मिळतो तिथे, झुलीच्या झालरीत, आणि शेपटीच्या गोंड्यात.

पहिला उपाय म्हणजे फट शोधून बुजवणं. चित्र मोठं करा आणि बोट ठेवून रेघेवरून चाला. फट सुंदर दिसत असेल, म्हणजे रेघ मुद्दामच हलकी सोडली असेल, तर रेघेला हात लावू नका. एक नवा लेअर घेऊन त्यावर फट बंद करणारी बारीक रेघ ओढा, रंग भरून झाला की तो लेअर लपवा. तिसरा उपाय सॉफ्टवेअरवर सोपवायचा. क्लिप स्टुडिओच्या बकेटमध्ये फट बंद करायची खूण आहे, गिंपचं लाईन आर्ट फिल लहान फटी आपोआप मिटवतं.

रंग भरायचा तो खालच्या लेअरवर, पण बकेटने बघायचं ते रेघेच्या लेअरकडे. याला रेफरन्स म्हणतात. क्लिप स्टुडिओमध्ये रेघेच्या लेअरला दीपस्तंभाचं चिन्ह लावा. क्रिटात बकेटच्या पर्यायांत 'सर्व लेअर' किंवा 'रंगखूण लावलेले लेअर' निवडा. हे न केल्यास फट नसतानाही पान रंगतं, कारण बकेटला रेघ दिसतच नसते. "फट सापडतच नाही" म्हणणाऱ्या निम्म्यांची अडचण इथेच असते.

७. रंग भरला तरी रेघेच्या कडेला पांढरी बारीक किनार राहते. ती का?

रेघेची कड ८०० टक्के मोठी करून बघा. काळ्याला लागून लगेच पांढरा नसतो. मध्ये गडद राखाडी, फिकट राखाडी असे एक-दोन पिक्सेल असतात. त्यांच्यामुळेच रेघ गुळगुळीत दिसते. बकेट मात्र त्या राखाडीला रेघ समजून अलीकडेच थांबते.

म्हणून दोन आकडे बदला. टॉलरन्स किंवा थ्रेशोल्ड वाढवा, म्हणजे फिकट राखाडीतही रंग शिरेल. आणि निवड १ ते ३ पिक्सेल वाढवा. क्रिटात त्याला 'ग्रो', इबिसमध्ये 'एक्सपान्शन' म्हणतात. रंग रेघेच्या मध्यापर्यंत पोचला पाहिजे. पलीकडे डोकावला तर रेघ बारीक आहे किंवा आकडा मोठा आहे. प्रत्येक फटीत ब्रशने रंग भरत बसू नका. मुलं दोन-दोन तास त्यात घालवतात आणि हा आकडा बदलल्यावर तेच काम दोन मिनिटांत होतं.

८. फ्लॅट म्हणजे काय? आणि त्यालाच इतका वेळ का द्यायचा?

फ्लॅट म्हणजे सावली नाही, चकाकी नाही, प्रत्येक भागाला एकच सपाट रंग. अंगाला एक, झुलीला एक, शिंगांना एक, गोंड्यांना एक. एकूण वेळातला अर्धा वेळ मी इथे घालवते आणि माझ्या अनुभवात तो कधीच वाया गेला नाही.

फ्लॅट स्वच्छ असेल तर पुढे कुठल्याही क्षणी जादूची कांडी झुलीवर टेकवली की नेमकी झूल निवडली जाते. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, झूल लाल नको, हिरवी करा." सावली वेगळ्या लेअरवर असते, त्यामुळे खालचा रंग बदलला की काम झालं. फ्लॅट आणि सावली एकत्र केली असेल तर सगळी झूल पुन्हा रंगवावी लागते.

फ्लॅट भरताना अँटीअलायझिंग (कडा मऊ करायची सोय) बंद ठेवा. कडा दातेरी दिसतील, दिसू द्या, वर रेघ आहे. कडा मऊ ठेवल्या तर दोन रंगांच्या सीमेवर तिसराच मिसळलेला रंग तयार होतो आणि जादूची कांडी तिथे चुकते. या टप्प्यावर रंग सुंदर नसले तरी चालतात. शेजारच्या भागांत ते वेगळे दिसले की पुरे, नेमका रंग नंतर ठरवता येतो.

भरून झालं की खाली एक भडक गुलाबी लेअर टाका. न भरलेला प्रत्येक ठिपका लगेच डोळ्यात भरतो.

९. क्रिटातला कलराइज मास्क वापरू का? आणि आपोआप रंगवून देणारी ॲप्स?

कलराइज मास्क जरूर वापरा. प्रत्येक भागात हव्या त्या रंगाचा एक फराटा मारायचा, अपडेट दाबायचं, आणि रेघेच्या कडा ओळखून तो रंग पसरवतो. फटी असल्या तरी बऱ्याचदा निभावतं. झालरीसारख्या किचकट जागा हाताने नीट करा.

फोटो टाकला की रंगवून देणाऱ्या ॲप्सबद्दल माझं मत असं: मी पाहिलेल्या कामांत त्यांनी रेघ, रंग आणि सावली एकत्र वितळवून दिलेली असते. झुलीचा रंग बदलायचा म्हटलं की तिथेच काम थांबतं. शिवाय जळगावचं भरताचं वांगं फिकट हिरवं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. वांगं म्हटलं की ती जांभळं करून मोकळी होतात.

१०. सावलीसाठी मूळ रंगात काळा मिसळतो, पण चित्र मळकट दिसतं. सावली कोणत्या रंगाची असते?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून उत्तर लांब आहे.

एप्रिलमध्ये भुसावळच्या रस्त्यावर दुपारी पांढऱ्या भिंतीवर पडलेली सावली बघा. उन्हातली भिंत किंचित पिवळसर आणि सावली निळसर दिसेल. सावलीत सूर्य पोचत नाही, पण निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. म्हणून उन्हाळी दुपारची सावली निळसर-जांभळट आणि कड धारदार. पोळा मात्र श्रावण अमावास्येला येतो. आभाळ बहुधा भरलेलं असतं, उजेड सगळीकडून येतो, सावली मऊ आणि फिकी. पोळ्याच्या बैलाखाली काळीभोर धारदार सावली काढली की ते चित्र पोळ्याचं वाटतच नाही.

आता बैल. आपल्याकडचा तापी खिल्लार पांढरा असतो, आणि त्याची नाकपुडी नि खूर काळे नसून गाजरी छटेचे असतात. मूळ रंग शुद्ध पांढरा देऊ नका. किंचित दुधाळ, सायीसारखा द्या, म्हणजे पाठीवरच्या उजेडासाठी खरा पांढरा शिल्लक राहतो. सावलीसाठी मल्टिप्लाय लेअरवर फिकट जांभळट करडा घ्या. पांढऱ्या अंगावर तो सुरेख बसतो.

तोच करडा पिवळ्या गोंड्यावर नेला की गोंडा शेवाळी दिसायला लागतो. जांभळट आणि पिवळा एकमेकांना मारतात. तिथे सावली नारंगी-तपकिरीकडे न्या. लाल झुलीची सावली मरून-जांभळटाकडे. म्हणजे सावलीचा लेअर एक असला तरी रंग एकच नको. निवड फ्लॅटवरून घ्या (प्रश्न ८) आणि त्या भागाचा सावलीरंग वेगळा द्या.

मागची केळी यापेक्षा अवघड. मळ्यात उभं राहून डोक्यावरचं पान बघा. ऊन पानातून गाळून खाली येतं तेव्हा पान उजळ, पिवळसर पोपटी दिसतं आणि मधली शीर गडद होते. तेच पान बांधावरून बघितलं तर त्यावर आभाळाची चकाकी असते, ते निळसर आणि थंड दिसतं. म्हणजे एकाच पानाला दोन हिरवे. वाऱ्याने फाटलेल्या पट्ट्यांत तर हे दोन हिरवे आलटून पालटून येतात. मुलं सगळी केळी एकाच हिरव्याने रंगवतात आणि मग "मागचं सपाट वाटतं" म्हणून लिहितात. रावेर-यावलच्या मुलांना तर घरामागेच बघायला मिळतं. फोन खिशात ठेवून दहा मिनिटं नुसतं बघा.

११. झुलीवरची नक्षी आणि आरसे कसे भरू? नक्षी बाहेर जाते.

नक्षीचा लेअर झुलीच्या फ्लॅटवर क्लिप करा. क्लिप केलेलं काहीही खालच्या आकाराबाहेर दिसत नाही. एकाच लेअरवर काम करायचं असेल तर अल्फा लॉक लावा, म्हणजे आधी रंग असलेल्या जागीच नवा रंग बसतो. क्लिपिंग नंतर मोडता येतं, अल्फा लॉकमध्ये रंग कायमचा मिसळतो, म्हणून मी क्लिपिंगच सांगते. नक्षी घड्यांवर सरळ जाऊ देऊ नका. घडी वळते तशी ती वळली पाहिजे.

१२. काळी रेघ फार कडक दिसते. रेघेचाच रंग बदलता येतो का?

येतो, आणि ही युक्ती आपल्या शेजारीच दीड हजार वर्षांपूर्वी वापरलेली आहे. जळगावहून साधारण ६० किलोमीटरवर अजिंठा. तिथल्या चित्रकारांनी आधी गेरूच्या लाल रेघेने आकृती काढली, मग रंग भरले, आणि शेवटी तपकिरी किंवा काळ्या रेघेने कडा पुन्हा पक्क्या केल्या. रेघ सगळीकडे एकसारखी काळी नाही, म्हणून चेहरा जिवंत वाटतो.

रेघेच्या लेअरवर अल्फा लॉक लावा (आधी कागद काढलेला हवा, प्रश्न ४). बैलाच्या अंगाची रेघ गडद तपकिरी करा, झुलीची गडद मरून, केळीची गडद हिरवी. डोळा, नाकपुडी आणि खुरांखालची रेघ गडदच राहू द्या, नाहीतर बैल जमिनीवर टेकलेला वाटत नाही.

१३. रात्रीच्या चित्रात रेघच दिसत नाही. काय करायचं?

कानबाईच्या (खानदेशातली देवी) जागरणाचं चित्र घ्या: गडद खोली, दिव्यांचा उजेड. काळी रेघ अंधारात बुडते. रेघ फिकट करून बघितली, तरी लेअर मल्टिप्लायवर असेल तर ती उजळणार नाही (प्रश्न ५). लेअर नॉर्मलवर आणा, अल्फा लॉक लावा, आणि दिव्याकडच्या कडा पिवळसर-तांबूस रंगाने ओढून घ्या. अंधाराकडच्या रेघा बुडू द्या. तिथे काही दिसायला नकोच असतं.

१४. रेघ पेन्सिलची, खरबरीत आहे. वरचे बकेटचे उपाय चालत नाहीत.

पेन्सिलची रेघ म्हणजे हजार ठिपके, बकेट त्यात कधीच नीट थांबत नाही. बकेट सोडा, लॅसो फिल घ्या: भागाभोवती हाताने फेरी मारली की आतला भाग भरतो. सैल फिरवा, रेघेच्या मध्यातून. खरबरीत रेघेला किंचित बाहेर गेलेला रंगही शोभतो.

१५. स्क्रीनवर झळझळीत दिसणारा रंग छापल्यावर मेला. चूक कुणाची?

बहुतेक वेळा कुणाचीच नाही. स्क्रीन उजेडाने रंग दाखवते, छपाई चार शाईंनी. पोपटी हिरवा, विजेसारखा निळा, झगमगीत नारंगी हे शाईच्या आवाक्यात येत नाहीत. छापायचं असेल तर सुरुवातीपासून क्रिटाचं सॉफ्ट प्रूफिंग (छापल्यावर रंग कसे दिसतील ते स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू ठेवा. केळीचा हिरवा तिथे किती उतरतो ते आधीच कळतं.

दुसरी गोष्ट मी नुकसान सोसून शिकले. पोळ्याच्या शुभेच्छापत्रांचं काम होतं. फाईल आरजीबीतच (स्क्रीनच्या रंगांत) दिली आणि प्रेसमध्ये ती बदलताना काळी रेघ चारही शायांची झाली. छापताना रजिस्टर, म्हणजे शाया एकमेकींवर नेमक्या बसण्याची जुळणी, केसभर हललं आणि बैलाच्या डोळ्याच्या रेघेला एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी किनार आली. सगळा गठ्ठा परत छापावा लागला. तेव्हापासून रेघेचा लेअर मी वेगळा देते आणि ती फक्त काळ्या शाईत, रंगावरून छापायला सांगते. खाली रंग रेघेच्या मध्यापर्यंत गेलेला असेल (प्रश्न ७) तर केसभर हललं तरी पांढरी फट दिसत नाही. प्रश्न ७ मधला तो आकडा इथे पुन्हा कामाला येतो.

१६. दुसऱ्याचं लाईन आर्ट रंगवलं तर ते चित्र माझं का?

रंग तुमचे, चित्र नाही. सरावासाठी घरी रंगवा. लोकांसमोर ठेवायचं किंवा विकायचं असेल तर मूळ काढणाऱ्याची परवानगी घ्या आणि त्याचं नाव लिहा. आपल्याकडे चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे "जुनं आहे, चालतं" असं आपलं आपणच ठरवू नका.

१७. फाईल कशात ठेवू? लाईट गेली आणि तीन तासांचं काम गेलं.

ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर ठेवा आणि फ्लॅट पूर्ण झाले की वेगळ्या नावाने एक प्रत साठवा. मूळ फाईल सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये किंवा फोटोशॉपच्या पीएसडीत, म्हणजे लेअर शाबूत राहतात. दाखवायला पीएनजी. जेपीईजी फक्त शेवटच्या प्रतीसाठी. जेपीईजी उघडून, रंगवून पुन्हा जेपीईजीच साठवलं तर दरवेळी रेघेभोवती प्रश्न ४ मधलं धुकं वाढत जातं. शंका विचारायला मला फाईल पाठवताना लेअरसकट पाठवा. सपाट केलेल्या चित्रात फट कुठे आहे ते मलाही दिसत नाही.